टाळ्या नकोत, टाळ द्या



अष्टाह्निका पर्व जवळ आलं की आपल्या गावोगावच्या मंदिरांत तीन प्रश्न ठरलेले असतात. विधानाला सौधर्म इंद्र कोण बसणार, आठ दिवसांच्या जेवणाची व्यवस्था कुणाकडे, आणि संगीत पार्टी कुठून आणायची. पहिल्या दोन प्रश्नांवर मी काही बोलत नाही, ते समाजातली मोठी माणसं ठरवतात. तिसऱ्यावर मात्र माझं स्पष्ट मत आहे आणि ते आज मांडते. पार्टी दर वेळी बाहेरून कशाला? आपल्या बायकांचा वाद्यवृंद का नको?

वाद्यवृंद म्हटलं की काही जणींच्या डोळ्यांपुढे लग्नातला ऑर्केस्ट्रा येईल. मी तसलं काही म्हणत नाही. एक पेटी, एक ढोलकी, पाच-सहा टाळांच्या जोड्या, एखादी खंजिरी आणि दहा-पंधरा गळे. एवढं जमलं की झाला वाद्यवृंद. धाराशिवच्या आमच्या मंडळात असा एक आहे. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी त्यात नवी म्हणून दाखल झाले. त्या दोन वर्षांत जे पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: प्रत्येक गावात असा वृंद हवा, आणि त्यात येणाऱ्या नव्या बाईच्या हातात पहिल्याच दिवशी वाद्य द्यायला हवं. तिला टाळ्या वाजवायला मागं बसवू नये.

आपण ऐकणाऱ्या कधी झालो?

आपल्या आज्या पूजा म्हणायच्या. अष्टकातलं जल, चंदन, अक्षत एकेक द्रव्य चढवताना त्यांच्या चाली ठरलेल्या असत. महावीर जयंतीला पाळणा म्हणायला कुणाला बोलवावं लागत नसे. टाळ देवळाच्या कपाटात असायचे आणि कुणाच्या ना कुणाच्या घरून पेटी यायची. सूर कधी इकडेतिकडे व्हायचा, पण गाणं आपलं असायचं.

मग माईक आला, मोठे स्पीकर आले, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. आता विधान सुरू झालं की पार्टीचा गायक स्वर लावतो आणि आपण सगळ्याजणी त्याच्या मागं. आता एक साधी तांत्रिक गोष्ट पाहा. पुरुष गायक साधारण काळी एक, काळी दोनमध्ये गातो. आपला गळा बहुतेक वेळा काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. त्याच्या पट्टीत गायचं तर आपला आवाज खाली घोगरा होतो किंवा वर चिरकतो. म्हणून हळूहळू बायका गायच्या थांबतात, ओठ हलवतात. तेही थांबतं आणि टाळ्या उरतात. "ताई, गात का नाही?" असं विचारलं की उत्तर येतं, "आता आवाज राहिला नाही." बाई, तुझा आवाज कुठं गेला नाही, ती पट्टी तुझी नाही!

यात पार्टीवाल्यांचा काही दोष नाही. ते मेहनत करतात, पोटासाठी गावोगाव फिरतात. पंचकल्याणकासारखा हजारो लोकांचा सोहळा असेल तर त्यांना जरूर बोलवावं. पण घरच्या विधानाला, दशलक्षणाच्या रोजच्या आरतीलासुद्धा आपण भक्ती कंत्राटानं देऊ लागलो, हे मला पटत नाही.

आपल्या धर्मात कर्माचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन प्रकार सांगतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान देणं. पापाच्या बाबतीत आपण हे तिन्ही मोजतो. भक्तीच्या बाबतीतही मोजून बघा. पार्टीला बिदागी दिली, हे झालं कारित. टाळ्या वाजवल्या, ही झाली अनुमोदना. कृत कुठं आहे? स्वतःच्या हातानं आणि गळ्यानं केलेलं काय आहे? माझा सगळा मुद्दा या एका प्रश्नात आहे.

दाखले आपल्याच मातीत आहेत

बायकांनी वाद्य घेणं ही नवी टूम आहे, असं एका ज्येष्ठांनी आमच्या मंडळाला ऐकवलं होतं. त्यांचा मान राखूनही सांगावंसं वाटतं की दाखले उलटे आहेत, आणि तेही घराजवळचे.

आपल्या जिल्ह्यातलं कुंथलगिरी आपल्याला नवीन नाही. देशभूषण-कुलभूषण मुनींची ती निर्वाणभूमी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली ती याच डोंगरावर. या दोन मुनींची कथा रविषेण आचार्यांच्या पद्मपुराणात आहे. वनवासात राम, लक्ष्मण आणि सीता त्या पर्वतावर पोहोचतात, ध्यानस्थ मुनींचं दर्शन घेतात आणि भक्ती करतात. ती कशी? राम स्वतः वीणा वाजवतो आणि सीता नृत्य करते. वनवासात कुठली आली संगीत पार्टी! जवळ जे होतं आणि अंगात जे होतं, ते त्यांनी वाहिलं. कुंथलगिरीची पायरी चढताना मला आता ही वीणा आठवते. ज्या जिल्ह्याच्या क्षेत्रकथेत राजपुत्र स्वतः वाजवतो, त्या जिल्ह्यातल्या श्राविकांनी वाद्याला बिचकावं का?

जिनसेन आचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या मुलांना विद्या देतात. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, हे आपण पाठशाळेत मुलांना सांगतोच. त्याच प्रसंगात वृषभसेनाला गीत-वाद्याचं शास्त्र दिल्याचं आहे. म्हणजे लिपी आणि गणिताच्या पंगतीला संगीत बसलेलं आहे, बाहेर ओट्यावर नाही. आणि समवसरणातल्या अष्टप्रातिहार्यांत दुंदुभी आहेच की.

आता तिसरा दाखला धर्मग्रंथातला नाही, पण मराठवाड्यातला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. काम हिशेबाच्या खात्यातलं, आणि लिहिला संगीतावरचा मोठा ग्रंथ, संगीतरत्नाकर. वहीखाती सांभाळून कला जपता येत नाही असं म्हणणाऱ्या आपल्या व्यापारी घरांनी हे लक्षात ठेवावं! या ग्रंथात त्यांनी एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या समूहाला वृंद म्हटलं आहे आणि त्याची मोजदादही दिली आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले. एकूण बत्तीस. निव्वळ गायिकांचा वृंदही त्यांनी वेगळा सांगितला आहे. त्यात दोन मुख्य गायिका, दहा साथीच्या, दोन बासरी आणि दोन मृदंग, म्हणजे सोळा जण. आपल्या गावच्या महिला मंडळाचा आकडा याच्या आसपासच असतो ना? आणि उत्तम वृंदाहून मोठा समूह झाला तर त्याला ते काय म्हणतात माहीत आहे? कोलाहल. आमच्या काकू हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सभेचं वर्णन त्यांनी तेव्हाच करून ठेवलंय."

या ग्रंथात चांगल्या वृंदाचे सहा गुण दिले आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर असे: मुख्य गाणारीच्या मागं जाणं, एकमेकींच्या आवाजात मिसळणं, ताल-लय धरून राहणं, एकीचं कुठं तुटलं तर दुसरीनं ते सांभाळून नेणं, खालच्या-मधल्या-वरच्या तिन्ही सप्तकांत मिळून पोहोचणं, आणि आवाजाचा सारखेपणा. यात सगळ्यांत सुरेल कोण, हा गुणच नाही. सहाही गुण एकत्र असण्याचे आहेत. चौथा तर मला भिंतीवर लिहून ठेवावासा वाटतो. एकीचा श्वास संपला, शब्द निसटला, तर शेजारणीनं न थांबता पुढे न्यावं आणि तिला परत यायला जागा ठेवावी. आठशे वर्षांपूर्वी देवगिरीच्या एका हिशेबनीसानं हे लिहिलं. जावा-नणंदांच्या घरातही हाच नियम चालला तर किती बरं होईल!

नवी बाई येते तेव्हा

आता अनुभवाचं बोलते, कारण माझ्यासारख्या नव्या येणाऱ्यांना नेमकी इथंच भीती असते.

मी गेले तेव्हा आमच्या काकूंनी विचारलं नाही की तुला काय येतं. टाळांची एक जोडी हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्या डाव्या बाजूला बस. आज फक्त समेवर वाजव. बाकीचं ऐक." बस्स, एवढंच. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात एक टोला. बाकी सात मात्रा मोकळ्या. त्या सात मात्रांत काय करायचं? ऐकायचं. पेटी कुठं चालली आहे, ढोलकी कुठं वळते आहे, वहिनी श्वास कुठं घेतात. सामायिकाला बसल्यावर मन कसं पळतं, हे आपल्याला माहीत आहे. सम यायची वाट बघताना ते पळायला जागाच राहत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांची सवय असलेल्या बाईला दीड तासाची तालीम जड जात नाही, हा मला झालेला पहिला लाभ.

टाळ सोपा असतो म्हणून नव्या बाईला देतात, असा समज आहे. तो सोपा नाही. पेटीचा एखादा स्वर घसरला तर गळ्यांत झाकून जातो, पण टाळ चुकीच्या जागी पडला तर सगळ्या गाभाऱ्याला कळतं. शिवाय नव्या हाताचा टाळ नेहमी पुढे पळतो. आपण उत्साहात असतो, आरती रंगात येते, आणि बघता बघता दुप्पट लय होते. मग म्हाताऱ्या आज्यांना शब्द गाठता येत नाहीत आणि त्या गप्प होतात. म्हणून टाळकरीण ही लय धरणारी, खरं तर मागच्या ओळीतल्या आजींना सोबत ठेवणारी बाई आहे. एवढं मोठं काम पहिल्या दिवशी नवीवर सोपवणं यात विश्वास आहे, आणि विश्वास टाकला की माणूस टिकतं.

याच्या उलट रीतही मी पाहिली आहे. एका ठिकाणच्या मंडळात नवी बाई आली की तिला सांगतात, "सहा महिने नुसतं बस, मग बघू." ती दोन वेळा येते, तिसऱ्यांदा सतरंजी घालते, चौथ्या वेळी तिच्या घरी पाहुणे येतात. मग "आजकालच्या सुनांना आवडच नाही" असं म्हणून सगळ्या मोकळ्या! आवड कशी लागणार? हात रिकामा ठेवला की मन घरच्या कुकरकडेच जाणार.

आपल्या देशात या बाबतीत मोठा धडा मैहरचा आहे. १९१८ च्या साथीच्या तापात मध्य प्रदेशातल्या मैहरला पुष्कळ मुलं अनाथ झाली. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी त्या मुलांना गोळा केलं, वाद्यं हातात दिली आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. आधी हुशार मुलं निवडू आणि मग शिकवू, असं त्यांनी केलं नाही. पुढं मैहर घराण्याचं नाव जगभर झालं, पण या वाद्यवृंदाची सुरुवात निराधार पोरांपासून आहे.

आणि बायकांना वाद्यवृंदात घ्यायला का-कू करणारे फक्त आपल्याकडेच आहेत असं समजू नका. व्हिएन्नाचा फिलहार्मोनिक वाद्यवृंद १८४२ चा, जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. तिथं बाईला रीतसर सदस्यत्व मिळालं १९९७ साली. ती पहिली सदस्या त्याआधी वीसहून जास्त वर्षं त्याच वृंदाबरोबर हार्प वाजवत होती. वाजवायला चालते, पण आमच्यातली म्हणायला नाही! हे वाचलं तेव्हा मला आपल्या घराघरातल्या किती तरी बायका आठवल्या. काम सगळं करायचं, नाव मात्र यादीत नाही.

नव्या बाईकडून मंडळाला काय मिळतं, हेही बघा. आपल्याकडे सुना लांबून येतात. कुणी सोलापूरची, कुणी कारंज्याची, कुणी बेळगावकडची. प्रत्येकीच्या माहेरच्या मंदिरात त्याच आरतीची चाल निराळी. आमच्याकडे एक सून कर्नाटकातून आली. तिनं जिनवाणी स्तुतीची कानडी वळणाची चाल म्हटली आणि काकूंनी तिथल्या तिथं ती वहीत घेतली. आता दशलक्षणातल्या एका संध्याकाळी तीच चाल होते. त्या मुलीचे डोळे त्या दिवशी बघण्यासारखे असतात. सासरी आल्यावर माहेरची भाषा, माहेरची चव, सगळं हळूहळू मागं ठेवावं लागतं. चाल तरी सोबत राहू द्या.

मनातल्या शंका

या विषयावर बोलले की मैत्रिणी चार शंका विचारतात. त्या खऱ्या आहेत, टाळण्यासारख्या नाहीत.

पहिली शंका चामड्याची. आपण मंदिरात चामड्याचा पट्टा, पाकीट नेत नाही, मग ढोलकी, तबला कसा चालेल? काही ठिकाणी हा वाद इतका वाढतो की वाद्यंच बंद होतात. माझ्या मते यात भांडण्यासारखं काही राहिलेलं नाही. आता फायबरच्या, प्लास्टिकच्या पानांचे ढोल सर्रास मिळतात. गणपतीच्या ढोल-ताशा पथकांतही ते वापरतात. ढोलकी आणि तबल्यालाही कृत्रिम पुडी मिळते. आवाजात थोडा फरक पडतो, कानाला सवय झाली की तो जाणवत नाही. अहिंसेसाठी आपण रेशीम सोडलं, मध सोडला. कातडं सोडून ढोलकी राखता येते. आमच्या मंडळानं हेच केलं. आणि टाळ, झांज, घंटा, पेटी यांना हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. फक्त पेटी घेताना भात्याला चामडं नाही ना, एवढं दुकानदाराला विचारून घ्या.

दुसरी शंका वेळेची. इथं तर आपण भाग्यवान आहोत. आपलं जेवण सूर्यास्ताआधी होतं. शेजारच्या घरी आठ वाजता कणीक मळायला घेतात तेव्हा आपला ओटा धुऊन झालेला असतो. तो दीड तास कुणाला देतो आपण? मालिकांना! आठवड्यातले दोन दिवस ते तालमीला दिले तर घराचं काही बिघडत नाही. सासूबाईंना सोबत न्या. आमच्यात तीन सासवा-सुनांच्या जोड्या आहेत. त्यातल्या एका जोडीत सून पेटीवर आणि सासूबाई टाळावर, म्हणजे दीड तास सासूबाई सुनेच्या मागून चालतात. मुख्य गाणारीच्या मागं जाणं हा वृंदाचा पहिला गुण इथं असा शिकायला मिळतो.

तालमीच्या जागेबद्दल एक सूचना, थोडी संकोचाची पण गरजेची. तालीम मंदिरात ठेवू नका. समाजाच्या सभागृहात किंवा कुणाच्या घरी ठेवा. मंदिरात ठेवली की दर महिन्याला प्रत्येकीचे चार-पाच दिवस बुडतात, आणि तरुण मुली तर त्या संकोचानंच यायचं सोडतात. पूजेचे नियम पूजेला पाळू. तालमीला सगळ्या जणी असू द्या.

तिसरी शंका वयाची. "आता या वयात काय शिकणार?" आपल्यापैकी कितीतरी जणींनी शाळेत असताना गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका. लग्न झालं, पेटी माहेरच्या माळ्यावर गेली, प्रमाणपत्र ट्रंकेत. ते सगळं बोटांत शिल्लक असतं, महिनाभरात परत येतं. जिनं कधीच काही शिकलं नाही तिला टाळ आहे, खंजिरी आहे. आणि पोळ्या लाटणारे हात आहेत आपले. शंभर पोळ्या एका मापाच्या होतात त्या लयीशिवाय होतात का?

चौथी शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाद्यं आली की भक्तीचा तमाशा होतो, मन देवावरून उठून स्वतःकडे जातं. हे घडतं, नाकारत नाही. सिनेमाच्या चालीवर आरती, मोबाईलवर शूटिंग, पुढच्या ओळीत कोण बसणार यावरून रुसवेफुगवे. पण ही भीती विकतच्या संगीताला जास्त लागू आहे. तिथं रंगमंच असतो आणि आपण प्रेक्षक असतो. वृंदात बसलेल्या बाईला मिरवायला वावच कमी, कारण तिचा आवाज वेगळा ऐकू आला की समजावं मिसळणं झालं नाही. माझं ऐकू येऊ नये, आपलं ऐकू यावं, यासाठी दीड तास घाम गाळायचा. मान कषाय पातळ करायला याहून सोपा गृहस्थी उपाय मला तरी माहीत नाही. तरी मंडळानं दोन नियम करावेत. चाल निवडताना शब्द कळतात का, हे आधी बघावं. आणि पुढची जागा दर महिन्याला बदलावी.

सुरुवात कशी करायची

ज्या गावात मंडळ आहे पण वाद्यं नाहीत, त्यांनी पार्टीच्या एका विधानाची बिदागी बाजूला काढून पाहा. आमच्याकडच्या आठ दिवसांच्या खर्चात पेटी, ढोलकी आणि टाळ येऊन वर पैसे उरले असते. वाद्यं मंडळाच्या नावानं घ्या, कुणा एकीच्या घरची नकोत. म्हणजे रुसवा झाला तरी पेटी जागेवर राहते. पेटी घेताना काळी चार आणि पाचमध्ये सगळ्या जणींना गाऊन बघा, आणि तबला घेणार असाल तर त्याच पट्टीला लागणारा, मोठ्या तोंडाचा घ्या. पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी बसवा: एक आरती, एक स्तुती आणि पाळणा. पाळण्याला सहा मात्रांचा दादरा, बाकी दोन्हीला आठ मात्रा. शब्द मोठ्या अक्षरांत लिहा, चाळिशीनंतर सगळ्यांची नजर सारखीच असते. पार्टीतला एखादा जाणता वादक असेल तर त्याला वाजवायला नव्हे, शिकवायला बोलवा. त्याचीही रोजीरोटी राहील आणि आपले हातही तयार होतील.

मंडळ आहे, वाद्यंही आहेत, पण नव्या बायका येत नाहीत अशी तक्रार असलेल्या गावांना मात्र माझा एकच प्रश्न आहे. शेवटची नवी बाई आली तेव्हा तिच्या हातात तुम्ही काय दिलं होतं?

आणि तू, जी हे वाचून "बघू पुढच्या वर्षी" म्हणते आहेस, चातुर्मास येतो आहे. चार महिने मुनिमहाराज, माताजी एका जागी थांबतात, आपणही रोज मंदिरात जातो. वृंद उभा करायला याहून चांगला काळ नाही. माळ्यावरची पेटी खाली काढ, भाता पुसून बघ, फुंक धरतो का. नसेल पेटी तर कपाटातली टाळांची एक जोडी माग. कुणी म्हणालं की "तू फक्त टाळ्या वाजव", तर हसून सांग, "टाळ्या नकोत काकू, टाळ द्या."